पित्तनलिका तुटल्यानंतरचे अकरा आठवडे: एका रोबोटिक दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव बदललं आहे, वय, गाव आणि काही तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत) उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अंगणवाडी सेविका आहेत. वय चाळिशीच्या थोडं पुढे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं. ते दोनेक वर्षं त्यांनी पित्त म्हणून सोडा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलं. मग एका रात्री दुखणं थांबेना, उलट्या आणि ताप सुरू झाला. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजून ७ मिलिमीटर झालेली दिसली आणि एक खडा पित्ताशयाच्या मानेतच अडकलेला. मुख्य पित्तनलिका मात्र ५ मिलिमीटरची, म्हणजे साधारण, आणि कावीळ नाही.

घरात निर्णय व्हायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गावातल्याच खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. तिथल्या सर्जननी, त्यांना आपण डॉ. अ म्हणू, अशा शेकडो शस्त्रक्रिया केलेल्या होत्या.

भारतात ही पद्धत १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी सुरू केली. आज ती तालुक्याच्या पातळीवर रोज होते, बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. पण पोट उघडून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारी एक-दोन असायचं, ते दुर्बिणीच्या काळात हजारी तीन ते सहा असं सांगितलं जाऊ लागलं. सुनंदाताई त्या तीन-सहांमधल्या एक.

पहिली शस्त्रक्रिया

पित्ताशयाची छोटी नळी मुख्य पित्तनलिकेला जिथे मिळते, तिथल्या जागेला कॅलोचा त्रिकोण म्हणतात. सूज नसेल तर तो स्वच्छ दिसतो. पाच दिवसांच्या सुजेनंतर तिथे सगळं एकमेकांना चिकटतं, पित्ताशयाची मान मुख्य नलिकेला खेटून बसते. वर ओढलं की मुख्य नलिकाही ताठ होऊन वर येते आणि पित्ताशयाच्या नळीसारखीच दिसते. २००३ मध्ये अमेरिकी सर्जन लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास केला. त्यांतल्या ९७ टक्क्यांत मूळ कारण हात चुकण्याचं नव्हतं, डोळा फसण्याचं होतं. सर्जनला खात्री असते की आपण बरोबर नळी धरली आहे, म्हणून तो थांबत नाही.

इथेही तसंच झालं. शस्त्रक्रियेची चित्रफीत नंतर पाहायला मिळाली. तिच्यात विसाव्या मिनिटापासून दिशा थोडी डावीकडे, म्हणजे मुख्य नलिकेकडे, सरकलेली दिसते. सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेला सुरक्षिततेचा निकष साधा आहे: त्रिकोणातली चरबी आणि पडदे पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, म्हणजे त्याची नळी आणि त्याची धमनी, दिसल्याशिवाय काहीही कापू नका. चित्रफितीत दोन गोष्टी दिसतात, पण मागचं यकृत दिसत नाही. निकष अर्धाच पुरा झाला होता. नळी बंद करणाऱ्या क्लिपा लागल्या, नळी कापली गेली. पुढे एक ‘जास्तीची धमनी’ लागली, तिलाही क्लिप लागली. ती उजव्या यकृताला रक्त नेणारी धमनी होती.

टिपणात लिहिलं होतं: ‘कॅलो अवघड, चिकटलेलं, रक्तस्राव किरकोळ, ड्रेन ठेवला.’ या शेवटच्या दोन शब्दांनी, म्हणजे पोटातलं पाणी बाहेरच्या पिशवीत आणणाऱ्या नळीने, पुढे बराच अनर्थ टाळला.

पहिले आठ दिवस

दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये दीडशे मिलिलिटर हिरवट-पिवळं पाणी आलं. पित्त होतं. डॉ. अ यांनी धरलेला अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही: यकृताच्या पृष्ठभागावरच्या बारीक नळीतून किंवा पित्ताशयाच्या नळीच्या बुंध्यातून पित्त झिरपत असेल, आपोआप थांबेल. अशी गळती खरोखरच जास्त आढळते आणि बऱ्याचदा थांबतेही. तिसऱ्या दिवशी साडेतीनशे आलं. चौथ्या दिवशी एकदम चाळीसवर उतरलं.

त्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटलं. नवऱ्याने गावाकडे फोन करून सांगितलं की पिशवी कमी झाली. सुनंदाताईंच्या जाऊबाईंचं मत वेगळं होतं. त्यांनी नर्सला विचारलं, “पिशवी कमी झाली तर पोट का फुगतंय?” रात्री १०१ ताप आला. ड्रेन बंद पडला होता, पित्त आत साठत होतं. रक्तात पांढऱ्या पेशी १७ हजार, कावीळ मोजणारं बिलिरुबिन ३.२. सोनोग्राफीत यकृताखाली आणि ओटीपोटात पाणी.

इथे पहिला खरा निर्णय आला. डॉ. अ त्याच रात्री पोट उघडून, गळतीची जागा शोधून, दुरुस्त करायच्या तयारीत होते. भूलतज्ज्ञालाही बोलावलं होतं. त्याआधी त्यांनी आपल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं ते असं: उघडायचंच असेल तर फक्त धुऊन ड्रेन टाक, नळी शोधू नकोस, आणि सोनोग्राफीखाली नळी घालून काम होत असेल तर उघडूही नकोस.

हा सल्ला मानला गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सुजलेल्या, पित्तात भिजलेल्या पोटात चार-पाच मिलिमीटरची नळी शोधताना ती आणखी वरपर्यंत तुटते. १९९५ मध्ये स्ट्युअर्ट आणि वे यांनी दिलेले आकडे आजही सर्जनच्या परिषदांत दाखवले जातात. इजा ज्याच्या हातून झाली त्याच सर्जनने केलेली दुरुस्ती १७ टक्के रुग्णांत टिकली, आणि पित्तनलिकेचं काम नेहमी करणाऱ्या मोठ्या केंद्रातल्या सर्जनने केलेली ९४ टक्के रुग्णांत. आकडे एका केंद्राचे आहेत, जुने आहेत. फरक इतका मोठा आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफीखाली पिगटेल नळी घातली. एका बैठकीत अकराशे मिलिलिटर पित्त निघालं. ताप दोन दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी तिथेच ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण घालून खालून रंगद्रव्य सोडलं, ते क्लिपपाशी येऊन थांबलं. वर काहीच भरलं नाही. म्हणजे ही साधी गळती नव्हती, मुख्य नलिकाच आरपार तुटलेली होती, आणि स्टेंट घालायला दुसरं टोक हाताशी नव्हतं.

आठव्या दिवशी डॉ. अ यांनी रुग्णाला यकृत-पित्तनलिकेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या शहरातल्या केंद्राकडे पाठवलं. बरोबर दोन पानी पत्र, सगळे अहवाल आणि शस्त्रक्रियेची चित्रफीत असलेला पेन ड्राइव्ह. पत्रात ‘मुख्य नलिका तोडली गेली असण्याची शक्यता’ असं स्पष्ट लिहिलं होतं. बहुतेक पत्रांत ‘शस्त्रक्रियेनंतर पित्तगळती’ एवढंच असतं, आणि पुढच्या डॉक्टरला सगळं शून्यापासून शोधावं लागतं.

नकाशा

केंद्रात सर्वांत आधी एमआरसीपी, म्हणजे एमआरआयवर काढलेलं पित्तनलिकांचं चित्र, आणि धमन्यांचा सीटी झाला. एमआरसीपीत उजवी आणि डावी यकृत-नलिका एकमेकींना मिळतात तो संगम शाबूत दिसला. त्याखाली जेमतेम दीड सेंटीमीटरचा तुकडा शिल्लक होता. स्ट्रासबर्गच्या वर्गीकरणात ही ई-२ इजा: संगमापासून दोन सेंटीमीटरच्या आत तुटलेली. संगमापाशीच, पण तो शाबूत ठेवून तुटली तर ई-३, आणि संगमच नाहीसा होऊन उजवी-डावी वेगळी झाली तर ई-४. वर जाल तसं जोडणं अवघड.

सीटीत उजवी यकृत-धमनी क्लिपपाशी थांबलेली दिसली. यकृताचा उजवा भाग डावीकडून आलेल्या बारीक वाटांवर जगत होता. त्या भागाचा कुठलाही तुकडा मेला नव्हता, हे नशीब.

धमनीला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. पित्तनलिकेच्या दोन्ही कडांनी बारीक धमन्या धावतात. त्यांतलं सुमारे ६० टक्के रक्त खालून येतं आणि जवळपास ३८ टक्के वरून, मुख्यतः उजव्या यकृत-धमनीकडून. नळी मधोमध तुटली की वरच्या तुकड्याची खालची वाट बंद होते. इथे वरचीही बंद झाली होती. एमआरसीपीत दिसणारा तो दीड सेंटीमीटरचा तुकडा चित्रात छान दिसत होता, पण त्याला पुरेसं रक्त मिळतंय की नाही हे चित्र सांगत नाही.

लगेच जोडायचं की थांबायचं

इजेनंतर पहिल्या बहात्तर तासांत लक्षात आलं, पोटात पू नाही आणि तज्ज्ञ हाताशी आहे, तर लवकर दुरुस्ती करता येते. जागतिक आणीबाणी-शस्त्रक्रिया संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. त्यानंतर आलेल्या रुग्णात आधी ड्रेन, प्रतिजैविकं, पोषण, आणि निदान तीन आठवडे गेल्यावर जोडणी. सुनंदाताई दहाव्या दिवसावर होत्या.

घरच्यांना घाई होती. नवऱ्याचा प्रश्न सरळ होता: “इतक्या लांब आणलंय, आता करूनच टाका ना.” त्यांना दोष देता येणार नाही, तीन रुग्णालयं फिरून झाली होती. केंद्रातही एक मत लवकर करण्याच्या बाजूचं होतं, कारण तुकडा अजून लांब आहे, सोपी जोडणी होईल. विरुद्ध बाजूला होतं ते असं: रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन घसरून २.४, रक्त गोठायला लागणारा उशीर मोजणारा आयएनआर १.९, ओटीपोटातल्या पाण्यात ई. कोलाय जंतू, आणि धमनी गेलेली.

थांबायचं ठरलं, तेही धमनीमुळे जास्त. मेलेल्या ऊतीत घातलेला टाका आज धरतो आणि सहा महिन्यांनी आवळतो.

पिशवीबरोबरचे दोन महिने

शस्त्रक्रियेच्या वर्णनांत हा काळ एका ओळीत उरकला जातो. रुग्णासाठी तोच सर्वांत लांब असतो. पोटातून निघालेली नळी, कमरेला पिशवी, रोज पाचशे ते सातशे मिलिलिटर पित्त बाहेर. पित्ताबरोबर सोडियम आणि पाणी जातं. आतड्यात पित्त नसल्याने चरबी पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, म्हणून रक्त गोठायला उशीर होतो. इंजेक्शनं देऊन आयएनआर आठवड्यात १.२ वर आला.

जाऊबाईंनी शाळेच्या वहीत रोजचा हिशेब ठेवला: पिशवी किती, लघवी किती, ताप किती, काय खाल्लं. पुढच्या प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी संगणकाआधी ती वही मागितली.

बाहेर येणारं पित्त पुन्हा पोटात द्यायचं असतं. आधी नाकातून आतड्यापर्यंत नळी घातली, ती सुनंदाताईंनी पाचव्या दिवशी उपसून काढली. मग गाळलेलं ताजं पित्त गार लिंबू सरबतात मिसळून, नाक दाबून. दिवसाला दोनशे मिलिलिटर जायचं, त्यापुढे उलटी. तेवढ्यानेही फरक पडला. मध्ये तिसऱ्या आठवड्यात मात्र सोडियम १२६ वर घसरलं. त्या बडबडू लागल्या आणि तीन दिवस सलाइनसाठी भरती व्हावं लागलं. घरी जाताना ‘भरपूर पाणी प्या’ सांगितलं होतं. मीठही तेवढंच जायला हवं, हे नीट सांगितलं गेलं नव्हतं, आणि त्या बिचाऱ्या साधं पाणी पीत राहिल्या.

सातव्या आठवड्यात पिशवी पन्नासवर आली. या खेपेला ड्रेन मोकळा होता. नळीचं तोंड आवळत चाललं होतं. अंगाला खाज, लघवी गडद, बिलिरुबिन ६ च्या आसपास. हे होणार हे माहीत होतं, आणि एका अर्थाने हवंही होतं, कारण आवळल्यामुळे वरच्या नलिका फुगतात आणि शिवायला जागा मिळते. नवव्या आठवड्याच्या एमआरसीपीत त्या ७ मिलिमीटर झाल्या होत्या. पण खालचा दीड सेंटीमीटरचा तुकडा आता दिसतच नव्हता. इजा ई-२ ची ई-३ झाली होती. दहाव्या दिवशी जोडणी केली असती, तर ती याच तुकड्याला केली असती.

उघडी, दुर्बिणीची की रोबोटिक

काय करायचं यावर वाद नव्हता. लहान आतड्याचा तुकडा वर आणून यकृत-नलिकेला थेट जोडायचा, म्हणजे रू-एन-वाय हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी. संगम शाबूत होता, म्हणून जोड फ्रेंच सर्जन हेप आणि क्विनो यांनी १९५६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने डाव्या यकृत-नलिकेवर घ्यायची. ही नलिका यकृताच्या बाहेर काही सेंटीमीटर आडवी धावते आणि तिचं रक्त डावीकडून येतं. उजवी धमनी गेलेल्या रुग्णात ही जागा सोन्याची.

वाद होता तो कसं करायचं यावर. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया हा मापदंड आहे. तिचे दहा-पंधरा वर्षांचे निकाल उपलब्ध आहेत, सर्जनला बोटाने चाचपता येतं. त्या बदल्यात बरगडीखाली मोठा छेद, दुखणं, आणि पुढे हर्नियाचा धोका. साध्या दुर्बिणीतून करता येते, पण सरळ, न वळणाऱ्या अवजारांनी यकृताच्या पोटाखाली वरच्या दिशेने ५-० या बारीक धाग्याचे टाके घालणं ही कसरत आहे. रोबोटची खरी कमाई इथेच आहे. अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताची थरथर गाळली जाते, दृश्य त्रिमितीय आणि मोठं दिसतं. रोबोट काही ठरवत नाही. सुनंदाताईंनी विचारलंच होतं, “रोबो एकटाच करतो का हो डॉक्टर?” सर्जन म्हणाले, “नाही ताई, मीच करतो. माझे हात आत जायच्या ऐवजी त्याचे जातात, एवढंच.”

उणी बाजू अशी की केंद्रातल्या त्या यंत्रात स्पर्श कळत नाही. टाका किती ताणला ते फक्त डोळ्याने ठरवायचं. मोठा रक्तस्राव झाला तर यंत्र सोडवून पोट उघडेपर्यंत मोलाची मिनिटं जातात. पित्तनलिकेच्या इजेवरच्या रोबोटिक दुरुस्तीचे प्रसिद्ध झालेले निकाल चांगले आहेत, पण ते बहुतेक एकेका केंद्रातल्या थोड्या, निवडलेल्या रुग्णांचे आणि थोड्या काळाचे आहेत. आणि एक गोष्ट लोक हमखास गोंधळतात. दुरुस्तीला रोबोट उपयोगी पडतो याचा अर्थ पित्ताशय काढायलाही तो जास्त सुरक्षित, असा होत नाही. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त मेडिकेअर रुग्णांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागेल अशी पित्तनलिकेची इजा रोबोटिक गटात ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात ०.२ टक्के होती.

बैठकीत एका कनिष्ठ सर्जनने उघड्या पद्धतीचा आग्रह धरला. धमनीची क्लिप तिथेच आहे, ई-३ आहे, चिकटलेलं असणार. बोटं आत असलेली बरी. हा आक्षेप वजनदार होता. बाजूच्या गोष्टी: पोट आधी कधी उघडलं गेलं नव्हतं, नलिका फुगलेल्या होत्या, संगम शाबूत होता, आणि मुख्य सर्जनचा अशा जोडण्यांचा रोबोटवरचा अनुभव पुरेसा होता. चौथ्या दिवशीच्या त्या रात्री पोट उघडलं गेलं असतं तर रोबोटचा पर्याय बहुधा उरलाच नसता.

तोडगा निघाला तो असा: सुरुवात रोबोटने, पण भूल देण्याआधीच थांबण्याच्या अटी फळ्यावर लिहायच्या. तीन तासांत डावी नलिका सापडली नाही तर उघडायचं. रक्तस्राव पाच मिनिटांत आवरला नाही तर उघडायचं. आणि छेदाची तयारी, अवजारांसकट, पहिल्यापासून.

खर्चाचा मुद्दा वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाशी बोलला गेला, हे मला पटलं नाही. कुटुंबाची आरोग्य पॉलिसी होती. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून पूर्ण वगळायला मनाई केली, पण कंपन्यांना त्यावर उपमर्यादा घालता येते. इथे तशी मर्यादा होती आणि वरचे दीड लाखाच्या आसपास खिशातून जाणार होते. उघड्या शस्त्रक्रियेत ते लागले नसते, आणि दहा वर्षांनी नलिका उघडी राहण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक असल्याचा पुरावा नाही. रोबोटचा फायदा छेद, वेदना आणि कामावर परतण्याचा आहे. हे असंच सांगितलं गेलं तर माणूस ठरवू शकतो. सुनंदाताईंनी विचारून घेतलं, की मोठा छेद झाला तर पोरांना उचलता येईल का. किती महिने नाही ते कळल्यावर त्यांनी रोबोट निवडला. मंगळसूत्र सोडून बाकी दागिने गहाण गेले.

शस्त्रक्रिया

अकरावा आठवडा. आयसीजी नावाचा रंग आदल्या संध्याकाळी शिरेतून दिला. तो यकृतातून पित्तात उतरतो आणि निकट-अवरक्त प्रकाशात हिरवा चमकतो. कावीळ असली की ही चमक फिकी पडते, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबायचं नव्हतं.

पहिले दोन तास जोडण्यात गेलेच नाहीत, सोडवण्यात गेले. आडवं आतडं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि चरबीचा पडदा यकृताच्या खालच्या बाजूला घट्ट चिकटला होता. जुन्या ड्रेनचा मार्ग धरून वर जायचं, ही युक्ती कामी आली, कारण तो मार्ग नळीच्या तुटलेल्या तोंडापाशीच जातो. एक तास पन्नास मिनिटांनी क्लिपा दिसल्या. धमनीवरची क्लिप कोणी हलवली नाही.

पुढे यकृताच्या चौथ्या खंडाखालची पट्टी खाली उतरवली. हिरवी चमक अंधुक होती, पण आडवी होती. बारीक सुई घालून पित्त ओढलं, तेव्हा खात्री पटली. फळ्यावरच्या तीन तासांतली वीस मिनिटं शिल्लक होती. डावी नलिका समोरून उघडून छेद संगमापलीकडे उजवीकडे थोडा नेला. दोन सेंटीमीटरचं तोंड मिळालं. कडांमधून लाल रक्त आलं, हे पाहून सगळे खूश. एरवी रक्त दिसलं की चेहरे पडतात.

आतडं कापून, एक टोक मोठ्या आतड्याच्या मागून वर आणलं. खालची जोड स्टेपलरने, वरची ५-० पीडीएस धाग्याने, मागची रांग सलग आणि पुढची सुट्या टाक्यांची. दोन टाके ओढताना तुटले, ते पुन्हा घातले. स्पर्श नसण्याची किंमत ती ही. एकूण वेळ सहा तास चाळीस मिनिटं, रक्तस्राव दीडशे मिलिलिटरच्या आसपास. उघडावं लागलं नाही.

निकाल

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या. तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये साठ मिलिलिटर पित्त आलं आणि जाऊबाईंचा चेहरा उतरला. ही गळती छोटी होती, चार दिवसांत थांबली. आठव्या दिवशी घरी. पाच आठवड्यांनी अर्धा वेळ अंगणवाडीत. बिलिरुबिन सहा आठवड्यांत १ च्या खाली.

नवव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला. एमआरसीपीत जोड उघडी होती, आतड्यातले जंतू वर चढून झालेला संसर्ग असावा, प्रतिजैविकांवर उतरला. पण याला ‘किरकोळ’ म्हणायला मी तयार नाही. ब्रिटिश नेते अँथनी ईडन यांची पित्तनलिका १९५३ मध्ये लंडनमध्ये पित्ताशय काढताना जखमी झाली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रिचर्ड कॅटेल यांनी ती दुरुस्त केली, तरी तापाचे झटके येत राहिले, सुएझ पेचप्रसंगाच्या काळातही, आणि १९५७ मध्ये कॅटेलना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तंत्र तेव्हापासून खूप पुढे गेलं आहे, पण जोड आवळण्याचा धोका अजून वर्षांच्याच हिशेबात मोजावा लागतो.

सुरुवातीला कुटुंब डॉ. अ यांच्यावर ग्राहक आयोगात जाण्याच्या विचारात होतं. गेलं नाही. चित्रफीत मागायच्या आधीच मिळाली आणि ते दोनदा स्वतः भेटायला आले, हे नवऱ्याने सांगितलेलं कारण.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी पहिल्या शस्त्रक्रियेतच होती. त्रिकोण साफ होत नाही हे कळल्यावर पित्ताशय पूर्ण काढायचा हट्ट सोडता येतो. ते उघडून खडे काढायचे, मान तशीच ठेवून उरलेलं काढायचं, याला अर्धवट पित्ताशय-उच्छेदन म्हणतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. गळती होऊ शकते, ती ईआरसीपीने आवरते. नळी कापण्याआधी रंगद्रव्य घालून एक्स-रे काढणं हा दुसरा मार्ग. तालुक्याच्या थिएटरात सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र, नसतो, हे खरं आहे. मग दुसऱ्या सर्जनला आत बोलावणं किंवा क्लिप लावण्याआधीचं चित्र फोनवर पाठवून विचारणं, हे तरी शक्य असतं.

काढलेलं पित्ताशय बरणीत गेलं, ते कोणी टेबलावर उलगडून पाहिलं नाही. दोन आठवड्यांनी आलेल्या पॅथॉलॉजीच्या अहवालात पित्ताशयाला जोडून नळीचा जवळपास दोन सेंटीमीटरचा वेगळा तुकडा नोंदलेला होता. तो त्याच दुपारी दिसला असता तर बहात्तर तासांची खिडकी उघडी होती, आणि कदाचित धमनीची क्लिपही लक्षात आली असती.

ड्रेन साडेतीनशेवरून चाळीसवर आला, तेव्हा ताबडतोब सोनोग्राफी हवी होती. कमी होणं उतरत्या क्रमाने असेल तर दिलासा, एका दिवसात कोसळलं तर संशय. ईआरसीपीआधी एमआरसीपी झाली असती तर ईआरसीपी लागलीच नसती. तुटलेली नळी चित्रात दिसली असती, आणि बंद जागेत खालून जंतू नेण्याचा धोका टळला असता. जिल्ह्याच्या गावी एमआरआय होता, नंबर तीन दिवसांनंतरचा मिळत होता.

केंद्राच्या बाजूने उरतो तो प्रश्न आतड्याच्या वर आणलेल्या टोकाचा. रू-एन-वाय जोडणीनंतर पुढे जोड आवळली तर तोंडातून नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही, यकृतातून सुई घालून जावं लागतं. काही सर्जन म्हणून आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीखाली अडकवून ठेवतात, म्हणजे पुढे त्वचेतून आत शिरता येतं. इथे वेळ लांबल्याने ते केलं नाही. त्या वेळी कोणी फारसा विचारही केला नव्हता. नवव्या महिन्यातल्या तापाच्या रात्री मात्र तो विषय दोनदा निघाला.

आता दर सहा महिन्यांनी यकृताच्या तपासण्या होतात. पित्ताची वाट अडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज साधारणाच्या किंचित वर अडकून आहे, आणि उजवा यकृतखंड पहिल्या सीटीपेक्षा थोडा लहान दिसतो. ही धमनी गेल्याची किंमत, की उजव्या बाजूची नलिका हळूहळू आवळतेय, यावर केंद्रात दोन मतं आहेत. पुढच्या तपासणीत फॉस्फटेज वाढलेलं असेल तर वर्ष पुरं होण्याची वाट न पाहता एमआरसीपी करायची, असं ठरलं आहे. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय: थंडी वाजून ताप आला तर गावात इंजेक्शन घेऊन थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्ततपासणी आणि केंद्राला फोन.